वादी बनी औफ एका दिवसात: मस्कतहून निघण्याआधी आणि निघाल्यावर

डिसेंबर आला की मस्कतमधल्या मराठी घरांत पाहुणे उतरतात, आणि त्यातल्या निम्म्यांनी बिलाद सैतचे फोटो विमानात बसण्याआधीच पाहिलेले असतात. उभे कडे, मध्ये खजुराची हिरवी बाग, तिच्या डोक्यावर मातीच्या रंगाचं गाव. मग जेवताना वादी बनी औफ या दरीतून तिथे जाण्याचा विषय निघतो. "किती कठीण असणारे? वरंध घाट रात्री उतरलोय आम्ही."

गंमत अशी, की या वाटेवर ज्या चुका होतात त्या नवखेपणामुळे कमी आणि आपल्या घाटाच्या सवयींमुळे जास्त होतात. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकणं, पाऊस आला की उत्साहाने बाहेर पडणं, ओढ्याला पाणी दिसलं की "एवढंच तर आहे" म्हणून गाडी घालणं. सह्याद्रीत यातलं बरंचसं खपून जातं. ओमानच्या हजर पर्वतात नाही खपत.

वाट थोडक्यात अशी: मस्कत, बरका, नखल, अल अवाबी. अवाबी ओलांडून रुस्ताककडे जाताना डावीकडे वादी बनी औफचा फाटा. तिथून नदीच्या पात्रातून आणि काठाकाठाने आत, झम्मा गावाजवळ साप-घळ (इंग्रजी पाट्यांवर स्नेक कॅन्यन), मग बिलाद सैत, हाट, आणि शेवटी सुमारे २,००० मीटर उंचीवरचा शरफ अल अलमैन हा माथा. म्हणजे कळसूबाईपेक्षाही वर. पलीकडे डांबरी रस्त्याने अल हम्रा, निझवा आणि महामार्गाने परत मस्कत.

उलट दिशेनेही लोक करतात, आणि टूरवाले बरेचदा अल हम्राकडूनच उतरतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने मात्र अवाबीकडूनच चढावं, असं माझं ठाम मत आहे. खालचा पात्रातला भाग सकाळी मागे पडतो, दुपारी ढग आलेच तर तुम्ही उंचावर असता, आणि सगळ्यात तीव्र टप्पा उतरायचा नसून चढायचा असतो. ब्रेकवर जीव टांगून उतरण्यापेक्षा पहिल्या गेअरमध्ये कण्हत चढणं कधीही बरं.

## १. दिवस ठरवा, आणि मोडायची तयारी ठेवा

ऑक्टोबरअखेर ते मार्च हा काळ. उन्हाळ्यात खालची दरी भट्टीसारखी तापते आणि तेव्हा गाडी बंद पडली तर प्रश्न गाडीचा राहत नाही.

आता पाऊस. आपल्याकडे पाऊस म्हणजे निघायचं निमित्त. इथे पाऊस म्हणजे बेत रद्द, त्यावर चर्चा नाही. या डोंगरांवर माती जवळपास नाहीच. उघडा खडक, त्यावर पडलेलं पाणी मुरत नाही, सरळ वाहून घळीत येतं. दहा-पंधरा किलोमीटर वर सर पडली तर तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन असतानाही लोंढा येतो. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांनी पाऊस होतो. उन्हाळ्यात दुपारनंतर याच डोंगरांवर गडगडाटी ढग उभे राहतात, त्यांना इथे 'रवाइह' म्हणतात. दोन्हींचा इशारा ओमानचं हवामान खातं देतं. आदल्या रात्री आणि पहाटे, दोन्ही वेळा बघा. अंदाज मस्कतचा बघायचा नाही, रुस्ताक आणि अल हम्रा या दोन्हींचा बघायचा.

ओमानात शुक्रवार-शनिवार सुट्टी. शनिवार निवडा. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी अवाबीपासून अल हम्रापर्यंत दुकानं बंद मिळतात, आणि नेमकं तेव्हाच कोणालातरी पंक्चर काढून हवं असतं.

सावधान: पाहुण्यांचं परतीचं विमान दुसऱ्या दिवशी असेल तर हा बेत करूच नका. वेळेची घाई असलेला माणूस वाहतं पाणी बघूनही थांबत नाही.

## २. गाडी: मोठी दिसते म्हणून फोर बाय फोर नसते

सर्वाधिक फसवणूक इथे होते, आणि ती बहुतेक वेळा आपण स्वतःचीच करून घेतो. भाड्याच्या गाड्यांत उंच, रुंद, दणदणीत दिसणाऱ्या पण फक्त दोन चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या खूप असतात. आमच्या एका नातेवाइकांनी अशीच एक चकचकीत गाडी आणली होती. मी आत बसून फोर लोचा (चारही चाकांना ताकद, वेग कमी पण ओढ जास्त) लिव्हर शोधत होतो आणि ते मला सनरूफ दाखवत होते.

गाडी ताब्यात घेताना:

- फोर हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) आणि फोर लो असा लिव्हर किंवा गोल बटण आहे का, ते डोळ्यांनी बघा. नुसतं ऑल व्हील असं लिहिलेलं पुरेसं नाही, लो रेंज हवीच.
- करारात कच्च्या रस्त्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. अनेक करारांत डांबर सोडलं की विमा संपतो. टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग यांचा बहुधा वेगळा उल्लेख असतो.
- स्टेपनी पूर्ण आकाराची आहे का, तिच्यात हवा आहे का. बारीक 'कामचलाऊ' स्टेपनी इथे कामाची नाही.
- जॅक आणि पाना बाहेर काढून बघा. एक नट स्वतः सैल करून परत घट्ट करा. गॅरेजच्या मशीनने आवळलेला नट हाताने निघत नाही, हे कळायची जागा पार्किंग आहे, दरी नाही. चाकाला कुलपाचा नट असेल तर त्याची चावी गाडीतच आहे ना?

आणखी एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. इथे गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालते आणि चालक डावीकडे बसतो. भारतातून काल आलेल्या माणसाला गाडीची उजवी बाजू कुठे संपते याचा अंदाज नसतो. नकळत गाडी उजवीकडे सरकत राहते. शहरात त्याने फारतर फूटपाथ घासतो. घाटात उजवीकडे कडा असेल तर? म्हणून पाहुण्याला चालवायचंच असेल तर आधी दोन दिवस शहरात आणि महामार्गावर हात बसू द्या. तरीही वरचा टप्पा इथे राहणाऱ्यानेच चालवावा.

## ३. आदल्या संध्याकाळी

पाणी माणशी ५ लिटर, वर गाडीसाठी ५ लिटरचा वेगळा कॅन. हिवाळा आहे म्हणून कमी करू नका.

हवा मोजायचा गेज आणि कंप्रेसर. सिगारेट लायटरच्या खाचेत लावायचे छोटे कंप्रेसर मोठ्या टायरवर दमतात, तापून मध्येच बंद पडतात. बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या किंवा कोणाकडून तरी मागून आणा. टो करायचा पट्टा, जॅकखाली ठेवायला फूटभर लाकडी फळी, टॉर्च, प्रथमोपचार, जुनी चादर. चादर का, ते टायर बदलताना खडीवर गुडघे टेकल्यावर कळेल.

खायला दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, संत्री. दहीभात नको, चार तास हलून त्याचं काय होतं ते मी पाहिलंय. वाटेत हॉटेल मिळेल असं धरून चालू नका.

फोनवर नकाशा डाउनलोड करून ठेवा, कारण आत रेंज जाते. आणि मस्कतमध्ये मागे राहणाऱ्या एका माणसाला वाट आणि वेळ लिहून पाठवा: "अवाबीकडून आत, अल हम्राला बाहेर. पाचपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू कर." पोलिसांचा आणीबाणीचा नंबर ९९९९, तो त्याच्याकडेही हवा.

शक्य असेल तर दोन गाड्या न्या. एकट्या गाडीने जातात लोक, पण अडकल्यावर ओढायला दुसरं कोणी नसतं.

तपासा: टाकी फुल. अवाबीत पुन्हा भरायची आहेच, तरीही फुल.

## ४. अल अवाबी: इथे अर्धा तास द्या

सहाला निघालात तर साडेसात-पावणेआठला अवाबी येतं. इथे पेट्रोल, चहा, स्वच्छतागृह आणि एक प्रश्न: "आज वर रस्ता चालू आहे का?" पंपावरचा, पंक्चरच्या दुकानातला माणूस बहुधा केरळचा, पाकिस्तानचा किंवा बांगलादेशचा असतो, हिंदी चालते. मागच्या पावसानंतर ग्रेडर (रस्ता सपाट करणारं यंत्र) फिरला की नाही हे त्याला कोणत्याही ॲपपेक्षा आधी कळतं.

डांबर संपल्यावर, सपाट जागा बघून, टायरची हवा कमी करा. महामार्गावर ३५ असेल तर दगडी रस्त्याला २५-२६ पीएसआय पुरे. वाळूत लोक १५-१८ पर्यंत उतरतात आणि ते ऐकून आपलेही काहीजण इथे तेवढीच ठेवतात. ती चूक. इथे वाळू नाही, धारदार दगड आहेत, आणि फार मऊ टायरची बाजूची भिंत दगडावर चिरते. बाजूला चिरलेला टायर पंक्चरवाल्याकडेही दुरुस्त होत नाही. दीड तास पळवलेला टायर गरम असतो आणि गेज तीन-चार अंक जास्तच दाखवतो, तेव्हा मोजून मग दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा मोजा.

आता गाडी फोर हायमध्ये टाका. डांबरावर असतानाच टाकायची घाई नको. बऱ्याच गाड्यांत कोरड्या डांबरावर फोर बाय फोर ठेवलं तर वळणांवर ड्राइव्हचे भाग एकमेकांना ताणतात.

## ५. पात्रातला रस्ता

'वादी' ऐकून आपल्याला वाडी आठवते, घरं, माणसं. इथे वादी म्हणजे बहुतेक वेळ कोरडी असलेली नदी. तुम्ही नदीतून चालला आहात, हे दिवसभर डोक्यात ठेवा.

रस्ता जागोजागी पन्हाळी पत्र्यासारखा लाटालाटांचा असतो. दात वाजतात. त्यावर वेगाने उडत गेलं की कमी हादरे बसतात हे खरं आहे, आणि गाडी वळणावर सरळ निघून जाते हेही तितकंच खरं. ताशी ३०-४०, बस. पुढच्या गाडीची धूळ बसेपर्यंत अंतर सोडा.

पाण्याचे डबके लागतील. साचलेलं, तळ दिसणारं, घोट्याएवढं पाणी: आधी उतरून काठी घालून खोली बघा, मग पहिल्या-दुसऱ्या गेअरमध्ये एकसारख्या वेगाने पार. वाहतं गढूळ पाणी: थांबा. ओमानात वाहत्या वादीत गाडी घालणं हा गुन्हा आहे, त्यासाठी तुरुंगवासही होऊ शकतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी गुडघ्याएवढा प्रवाह गाडी बाजूला ढकलायला पुरतो.

लोंढा येतो तेव्हा आधी पाणी दिसतच नाही, हे एकदा काठावरून पाहिलं तेव्हा कळलं. आधी आवाज आला, दूर कोणी डंपरमधून खडी ओततंय असा. मग वळणावरून काटक्या, खजुराच्या झावळ्या, एक निळी चप्पल, प्लास्टिकच्या बाटल्या यांची तपकिरी गुंडाळी सरकत आली. फूटभर उंच, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. बघायला मजा वाटावी अशी. पाचेक मिनिटांनी त्याच जागी छातीएवढं पाणी होतं आणि दगड आपटल्याचे ठोके जमिनीतून पायाला लागत होते.

सावधान: वरच्या शिखरांवर काळे ढग जमू लागले, वारा एकदम गार झाला, किंवा स्वच्छ पाणी गढूळ झालं, तर पात्रातून पळत सुटायचं नाही. चढायचं. जवळची उंच जागा गाठा, गाडी तिथे लावा आणि थांबा. तास, दोन तास, रात्र लागली तरी रात्र. पाणी बहुधा आलं तसंच काही तासांत ओसरतं.

पात्रात सावली चांगली म्हणून तिथे चादर पसरून जेवायला बसणं, ही आपल्या लोकांची लाडकी चूक. दहा पावलं वर बसा.

## ६. घळ वरून बघा

झम्माच्या पुढे रस्ता चढू लागतो आणि खाली साप-घळ उघडते. भिंती इतक्या जवळ येतात की तळाशी उतरलेल्याला आभाळाची फक्त चिंधी दिसते. चुनखडकाचे थर इथे आडवे नाहीत. तिरके, दुमडलेले, कुठे जवळपास उभे. आपला डोळा बेसॉल्टच्या सरळ पट्ट्यांना सरावलेला, त्यामुळे पहिल्यांदा बघताना डोंगर कोणीतरी कलंडवल्यासारखा वाटतो.

घळीतून आरपार जाणं हा वेगळा दिवस आहे: दोर, हेल्मेट, पोहणं, उड्या आणि जाणता वाटाड्या. "थोडं आत जाऊन येतो" हा त्याचा छोटा अवतार नव्हे. आत असताना वरचे ढग दिसत नाहीत, म्हणून ही जागा जीव घेते. आजच्या बेतात फक्त वरून बघणं.

पायउतार होऊन काठाशी जाताना बूट घाला. सह्याद्रीचा काळा कातळ कोरडा असताना पायाला धरून ठेवतो. इथला पाण्याने घासलेला चुनखडक कोरडा असतानाही साबणासारखा सरकतो, आणि कड्याच्या कडेला बारीक घसारा असतो. मुलांचा हात सोडू नका.

गाडी कुठेही उभी करताना हँडब्रेक, गेअरमध्ये आणि चाकाखाली दगड. निघताना तो दगड रस्त्यातून बाजूला काढा, मागच्याच्या टायरसाठी.

## ७. बिलाद सैत: गाडी बाहेर, आवाज खाली

मुख्य वाटेवरून गावाचा फाटा आहे. गाडी गावाबाहेर लावा आणि चालत जा. बोळ माणसांसाठी आणि गाढवांसाठी बांधलेले आहेत. आत गाडी घातली की वळवायला जागा नसते आणि मग सगळं गाव बघतं.

खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे, बायकांचे फोटो नाहीत, कोणाच्या अंगणात डोकावणं नाही. शेताला पाणी देणारा फलज म्हणजे आपल्या पाटासारखा, पण त्यात हातपाय धुऊ नका, खाली कोणीतरी तेच पाणी वापरतंय. म्हाताऱ्या माणसाने कावा (अरबी कॉफी) आणि खजूर पुढे केले तर उजव्या हाताने घ्या. पुरे झालं की रिकामा कप हलवून परत द्यायचा. नाहीतर तो भरतच राहतो. माझ्या मामांनी संकोचून नऊ कप प्यायले होते.

फोटोसाठी गावात धडपडू नका. हाटकडे चढल्यावर एका वळणावरून अख्खं गाव बागेसकट खाली दिसतं, तोच तो प्रसिद्ध कोन.

तपासा, निघण्यापूर्वी: घड्याळात बारा वाजायच्या आत आहे? शरफच्या दिशेला आभाळ मोकळं आहे? इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावर आहे? कोणाला ओकारी, चक्कर? चारही उत्तरं बरी असतील तरच वर. नसतील तर हाच थांबण्याचा टप्पा, पुढे वळायला जागा कमी.

## ८. वरचा चढ

गाडी पूर्ण थांबवा, गेअर न्यूट्रलला, फोर लो घाला, मग पहिला किंवा दुसरा. चालत्या गाडीत लो रेंजचा लिव्हर ओढणारे असतात, तो कर्कश आवाज विसरला जात नाही. ऑटोमॅटिक असेल तर गेअर स्वतः पहिल्यावर धरून ठेवा, गाडीला निवडू देऊ नका. हाफ क्लचवर रेंगाळू नका.

- आंधळ्या वळणाआधी हॉर्न. समोरून गाडी आली तर चढणाऱ्याचा हक्क पहिला, पण हक्कावर अडून बसू नका. ज्याच्या मागे रुंद जागा जवळ, त्याने मागे घ्यावी.
- मागे घेताना एक माणूस खाली उतरून डोंगराच्या बाजूला उभा राहील, कड्याच्या बाजूला नाही.
- चाक जागच्या जागी फिरू लागलं तर ॲक्सिलरेटर दाबू नका, सोडा. थोडं मागे घेऊन दुसऱ्या रेषेने चढा.
- इंजिन तापलं तर एसी बंद, रुंद जागी थांबून इंजिन चालूच ठेवा आणि काटा उतरू द्या. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

मधे छोटे उतारही आहेत. तिथे न्यूट्रल नाही, क्लच दाबून सोडणंही नाही. पेट्रोल वाचवायची ती जुनी सवय मस्कतलाच ठेवून या. ज्या गेअरमध्ये चढलात त्यातच उतरा, ब्रेक फक्त टेकवा. जळक्या रबरासारखा वास आला तर ते ब्रेक आहेत: थांबा, वीस मिनिटं, त्यांच्यावर पाणी ओतायचं नाही.

शरफला वारा बोचरा असतो. खाली टी-शर्टात फिरलेल्यांना इथे स्वेटर लागतो, तो डिकीत तळाशी नको.

## ९. डांबर लागल्यावर

आता सगळं उलट क्रमाने, आणि इथेच लोक ढिले पडतात. फोर लो काढा, मग फोर हायही काढा. माथ्यावरच कंप्रेसर लावून चारही टायर परत ३५ करा. अल हम्राची उतरण डांबरी पण लांब आहे, आणि त्यानंतर ताशी १२० चा महामार्ग. कमी हवेचा टायर त्या वेगाला तापून फुटतो. दिवसभर दगडांतून सुखरूप आलेली गाडी निझवाच्या पुढे सरळ रस्त्यावर टायर फुटून उभी राहिलेली मी पाहिली आहे.

वाकून गाडीखाली एक नजर टाका: तेल ठिबकतंय का, एखादा दगड ब्रेकच्या पत्र्यात अडकलाय का. चाकांचे नट पान्याने एकदा तपासा. मग दुसऱ्या गेअरमध्ये उतरा, आणि अल हम्राला रेंज आली की पहिला फोन मस्कतला. पाचच्या आत.